शेंगांची पैज

राकसकोपच्या पाण्यावर अजून धुकं.
बेळगावच्या नळांना जायच्या आधीचं हे पाणी,
कुणाचंच नसल्यासारखं निवांत.
रुमालात भाजलेल्या शेंगा, मोजून चाळीस.
वीस त्याच्या, वीस माझ्या.

भरमू हुंदरे पट्टीवरची पातळी वाचतो,
वहीत कन्नड आकडा मांडतो,
मग दगडावर टेकतो माझ्याशेजारी.
"आली बघ."

टिबुकली.
मुठीएवढी, शेपूट घरी विसरून आलेली.
पंपावरचा निंगाप्पा तिला गुळुमुळुक म्हणतो,
मला ते नाव
तिच्यामागं मिटत जाणाऱ्या पाण्याचं वाटतं.

मान आत घालते, आणि नसते.
कुणी बोलता बोलता उठून
आतल्या खोलीत जावं तशी.

आता सांग, कुठं निघेल?
बुडाली तिथून जरा पुढं मी बोट दाखवतो
आणि तिच्याबरोबर श्वास धरतो.
भरमूचं बोट भलतीकडंच,
डावीकडं, वाळक्या फांदीच्या अलीकडं.
अकरा. बारा. छाती भरून येते.
सतराला मी सोडून देतो.
ती अजून खालीच.

आणि निघते ती त्याच्या बोटापाशी,
चोचीत रुपेरी काहीतरी वळवळतंय.

आठ दिवस हरतोय मी.
पाणकावळ्यावर लावून बघितलं, तरी हरलो.

"तू वरचं पाणी बघूलालास,"
शेवटी तो म्हणाला, माझीच शेंग फोडत.
मग काठीनं हवेत रेघा ओढल्या:
हा आज्ज्याचा बांध. हितं मोड.
हितं जांभळीचं खोड, आमी गुरं बांधत होताव.
पल्याड चुलत्याचं, मधनं पाट.
मासळी बांधाच्या कडंकडंनं हिंडते.
टिबुकलीला ठावं हाय.

मी पाण्याकडं पाहिलं.
पाणीच दिसलं.

आज तो गुडघा दाबत बसला.
टिबुकली बुडाली
तरी त्याचं बोट मांडीवरच.
"तू सांग."

डोळे मिटले. ढोपरभर चिखलातनं
बांधाला लागलो, मोडीवर वळलो,
जांभळीला उजवी घालून पाटापर्यंत गेलो,
म्हटलं, इथं.

उघडले तर ती
माझ्या बोटापासून दोन हात पल्याड,
पिसं झाडत.

भरमू हसतोय, खोकतोय, डोळे पुसतोय.
"बरोब्बर आलतास की.
बांधच सरकवलता चुलत्यानं.
रातचा."

टिबुकली परत बुडाली.