दोन सेकंद

सोसायटीत ठराव झाला, आठ कॅमेरे.
बजेट अठ्ठेचाळीस हजार, वर एक पैसा नाही.
सायकली गेल्या होत्या दोन, आणि पंपाचा पितळी व्हॉल्व्ह.
मला धाडलं, कारण मी टेलिफोनमधला,
एकतीस वर्षं जॉइंटर;
कन्नमवार नगरात कुठंही वायर लोंबली
की लोक माझीच कडी वाजवतात.

लॅमिंग्टन रोडला तौसीफच्या काचेखाली
डोळे मांडून ठेवलेले,
घुमटासारखे, नळीसारखे,
एक तर लिंबाएवढा.
"काका, वायफायवाला नको.
म्हाडाच्या भिंती, सिग्नल जिन्यातच बसकण मारेल.
एकच केबल ओढा. वीज तिच्यातून, चित्रही तिच्यातून."
मी म्हटलं, किती मेगापिक्सेल?
तो म्हणाला, कोणीतरी आलं एवढंच कळायला हवंय
की कोण आलं तेही?
मी जरा थांबलो.
मग चारचे घेतले.

केबलच्या खोक्यावर शुद्ध तांबं छापलेलं.
नखानं खरवडलं, आत ॲल्युमिनिअम.
ते खोकं परत.
माणसांना फसलोय, तांब्याला नाही.

पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा,
पांढरा-तपकिरी, तपकिरी:
क्रम नवा, पण रंग जुनेच,
बोटांनी आधी ओळखले, चष्मा मागून लागला.
आठ टोकं दाबून बसवताना
गुडघे मात्र बोलले.

कारखान्यातून सगळे एकाच पत्त्यावर येतात.
तसेच जोडले तर भांडतात, एकही धड दिसत नाही.
एकेकाला वेगळी चूल मांडून द्यावी लागते:
गेट अकरा, पार्किंग बारा, टाकी तेरा,
दुसऱ्या मजल्याचा जिना चौदा.
पासवर्ड एक ते पाच, अख्ख्या जगाला पाठ,
तो बदलला.
नवा अध्यक्ष हळदणकरांनाही सांगितला नाही.
ते अजून रुसलेत.

पहिल्या रात्री चित्र तपासत बसलो.
एक वाजून दहा मिनिटांनी, चौदा नंबरवर,
शेवंती मिठबावकर दार लोटून बाहेर आली.
प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. बसली.
ओठ हलत होते. आवाज नाही,
माईकचे पैसे वाचवले होते आपण.
गुडघ्यावर बोटं पडत होती, ठेक्यात,
मध्येच ठेका चुकला तशी
स्वतःशी हसली आणि मागे जाऊन
पुन्हा पहिल्यापासून.
दिवसभर त्या घरात
जावयाचा टीव्ही असतो.

मॅनहोलमध्ये कुडतरकर फोरमन सांगायचे,
लाइन जिवंत आहे हे कळायला दोन सेकंद पुरतात.
तिसऱ्या सेकंदाला कानावरून काढ.
पुढचं ऐकलंस तर चोरी.
मी काढायचो. एकदा सोडून.
(एक बाई दिल्लीला कुणालातरी
आमटीत गूळ किती ते सांगत होती.)
तेव्हा आवाज असायचा, चेहरा नसायचा.
आता चेहरा आला, नखांसकट,
आवाज गेला.

त्या रात्री मी चार मिनिटं पाहिलं.
घड्याळ चित्रातच असतं, कोपऱ्यात,
त्यामुळे खोटं बोलता येत नाही.

मग मेनूत शोधत गेलो.
तिसऱ्या पानावर सापडलं: चित्राचा एक भाग
झाकता येतो, काळ्या चौकोनानं.
माऊस थरथरत होता, चौकोन वाकडा आला,
तरी तिचं दार आणि दारासमोरचं हातभर
त्यात मावलं.
जिना उघडा ठेवला. चोर जिन्यानंच येतो.

हळदणकर म्हणाले, तिथं काळं काय आलंय?
मी म्हटलं, जुनी भिंत, ओल असेल.
ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले.

व्हॉल्व्ह सापडला नाही.
साठवण तीस दिवसांची, नंतर आपोआप पुसतं,
म्हणजे माझी ती चार मिनिटंही
एकोणतीस तारखेला जातील.
काळ्याच्या खालच्या कडेला
स्टुलाचा एक पाय अजून दिसतो.
चौकोन बोटभर ओढायला हवा.
रोज ठरवतो,
आणि रात्री तो पाय आलाय का
तेवढं बघून
स्क्रीन बंद करतो.