शिस्त घेणे

कोतच्या खिडकीतून पहिल्यांदा हातात आली
तेव्हा घुगे उस्ताद म्हणाले, तुझं नाव नको, हिचा नंबर सांग.
बट नंबर एकशे सतरा.
जेवणाच्या रांगेत हाच, ताप चढला तरी हाच.
शेजारच्या खाटेवरची वळवी
घोरता घोरता मध्येच आपला नंबर पुटपुटते,
आणि अंधारात मी माझा.

तळोज्याला पहाटे हवेत
कारखान्यांचा आंबूस वास असतो,
त्याखाली ओल्या गवताचा,
आणि सगळ्यात खाली, माझ्या तळहातांना,
तिच्या तेलाचा.
तो मला नवा नव्हता.
बाबा वागळे इस्टेटला टर्नर होते, बावीस वर्षं.
लाकडाचा भुसा चोळून हात धुवायचे
तरी त्यांनी घातलेली माझी वेणी
शाळा सुटेपर्यंत लेथसारखी वास मारायची.

माशी, घोडा, दस्ता.
नावं ऐकून पोरी हसल्या.
मग डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या
आणि खोला म्हणाले, जोडा म्हणाले,
तेव्हा कोणी हसलं नाही.
माझी बोटं मात्र कुठे अडली नाहीत.

"शिस्त घे!"
शाळेत शिस्त म्हणजे ताठ बसणं,
दोन रिबिनी, पांढरे मोजे.
इथे शिस्त म्हणजे एक डोळा मिटून
माशीचं टोक त्याच्या छातीखाली टेकवायचं,
अर्धा श्वास सोडायचा
आणि उरलेला विसरून जायचा.

पाचांतली एकही कागदाला लागली नाही.
तिला डोक्यावर धरून मैदानाला सात फेऱ्या.
चार किलो, असं पुस्तकात आहे.
ते पहिल्या फेरीचं असावं.

रविवारी बाबा आले, ठाण्याहून, रात्रपाळी करून.
हल्ली घोडबंदरला एका टॉवरच्या गेटवर असतात,
शिट्टी, टॉर्च आणि गाड्यांचे नंबर लिहायची वही.
नेम लागतो का, विचारलं नाही.
खांद्यावरचं जांभळं दिसलं, त्यावरही नाही.
"नळीत आटे किती?"
सहा. उजवीकडे वळणारे.
त्यांनी करंगळी हवेत हळूच फिरवली,
आतून चाचपल्यासारखी.
"दोन थाऊ जरी इकडचं तिकडे झालं ना..."
आणि वाक्य तिथेच ठेवून
सुकटीचा डबा माझ्याकडे सरकवला.

पुढच्या फायरला चार लागल्या.
चारही एका बशीखाली झाकतील अशा.
उस्तादांनी नुसती मान हलवली
आणि मला खाली खंदकात पाठवलं,
भोकं बुजवायला.

गव्हाच्या पिठाची खळ, कात्रीने कापलेले चौकोन.
कागदी माणूस जवळून पाहिला, माझ्याच उंचीचा.
एकेक चौकोन अंगठ्याने दाबून धरला,
गुडघा फुटला की बाबा
माझ्या पट्टीवर अंगठा ठेवायचे, तेवढा वेळ.

वरून शिट्टी झाली.
त्याला परत उभा केला.
खळ अजून ओली होती.