पाचापर्यंत

बावीस वर्षं मी ग्रिम्झबीच्या गोदीत
हॅडकचे काटे काढले.
पट्टा थांबायचा नाही. आपण थांबलो तर मासे साचायचे,
आणि साचले की मुकादम नाव घेऊन ओरडायचा.
सुरीवर हात असा बसला होता
की गप्पा मारता मारता, न बघता,
काटा एकीकडे, मांस एकीकडे.

पदवी घेतली रात्रीची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
सहा वर्षं लागली.
आणि आता एक्केचाळिसाव्या वर्षी
गळ्यात लटकतंय: प्रशिक्षणार्थी.
सोमवार ते गुरुवार शाळेत,
शुक्रवारी हम्बरचा पूल ओलांडून हलला, व्याख्यानांना.
बसमध्ये मांडीवर निबंध असतो: मूल कसं शिकतं.
शुक्रवारी मला ते ठाऊक असतं.
सोमवारी नसतं.

माझी मार्गदर्शक प्रिसिला टेनंट. वय एकोणतीस.
मी पहिल्यांदा सुरी धरली तेव्हा
ही अशाच एका बुटक्या खुर्चीवर बसत असेल.
आत्ताही तिथेच बसते, वर्गाच्या मागे, गुडघे हनुवटीपाशी,
पिवळ्या कागदावर काहीतरी लिहीत.
काय ते दिसत नाही. पेन तेवढं ऐकू येतं.

माझा पहिला धडा, शेवटचा मुका ई.
फळ्यावर लिहिलं हॉप. टोकाला ई चिकटवला, झालं होप.
एक उडी होती, तिची आशा झाली.
"बघा हं, हा स्वतः अवाक्षर काढत नाही,
मागे नुसता बसून राहतो
आणि मधल्याचा आवाज बदलून टाकतो."
बोलता बोलता नजर गेली प्रिसिलाकडे
आणि माझाच आवाज चिरकला.

दुपारी चहाच्या किटलीपाशी ती म्हणाली,
"प्रश्न तू विचारतेस, उत्तरही तूच देतेस.
विचारून गप्प राहा. मनात पाच मोज."
पाच!
पट्ट्यावर पाच म्हणजे दोन मासे हातचे गेले.

खिडकीशी दोमास बसतो. लिथुआनियाहून आलाय.
सप्टेंबरपासून वर्गात एक शब्द नाही.
चित्रं काढतो, पेन्सिली टोकदार करून सगळ्यांना वाटतो,
हजेरीला बोट वर करतो.
त्याचा बाप हल्ली माझ्याच जागेवर उभा असतो.
कदाचित माझाच एप्रन,
मी खिळ्याला अडकवून आले होते तो.

नोव्हेंबरातला मंगळवार. पाण्याची परात, त्यात टिनाची होडी.
विचारलं, ही बुडत का नाही?
एक. रूबेन नाकात बोट घालतो.
दोन. रेडिएटरच्या पोटात गुरगुर.
तीन. उत्तर माझ्या दातांपाशी येऊन उभं,
गिळलं.
चार. कुणी बघत नाही माझ्याकडे, सगळे होडीकडे.
मोजणं कुठे चुकलं कळलं नाही,
पण खिडकीकडून, घोगरा, न वापरलेला असा आवाज आला:

"मिस, तुमची नाडी सुटली."

बावीस मुलांनी आधी माझ्या बुटाकडे पाहिलं,
मग त्याच्याकडे.
रूबेन ओरडला, "याला बोलता येतं!"
दोमासने खांदे उडवले, म्हणजे काय, येतंच की.
मागे पेन थांबलं होतं.

संध्याकाळी फाइल उघडून बसले.
आठ मानकं आहेत, प्रत्येकापुढे पुरावा जोडायचा.
नाडी कुठे लावू?
वर्गशिस्तीत, भाषेत, की माझ्याच गबाळेपणात?
प्रिसिलाचा पिवळा कागद घडी करून खिशात होता.
एरवी दोन्ही बाजू भरलेल्या असतात.
आज एकच ओळ:
पाच नाही, सात मोजलेस. मीही मोजत होते.

तो कुठल्याच रकान्यात बसवला नाही.
फ्रिजवर लावला, मुलांच्या वेळापत्रकाशेजारी.

होडी का बुडत नाही, ते राहूनच गेलं.
उद्या परत परात भरायची.