एकवचन

खिडकी क्रमांक तीन, टोपेका.
सकाळपासून चार नावं परत पाठवली मी.
आधी ‘द’ लावून नाव वेगळं होत नाही,
स्वल्पविरामानं नाही,
शेवटी ‘इन्कॉर्पोरेटेड’चं ‘कंपनी’ करूनही नाही.
दप्तर इतक्यावर भुलत नाही.

मग लाइल ओव्हरमायर. साठी उलटलेला,
नखांत काळं ग्रीस,
अर्जावर जपून काढलेली अक्षरं:
ओव्हरमायर ब्रदर, बोअरवेल आणि पंप.

हे आहे आधीच, मी म्हटलं.
ब्रदर्स. सालाइना, एकोणीसशे एक्याऐंशी.

“ते आम्ही दोघं,” तो म्हणाला.
“हा मी एकटा. ‘एस’ काढलाय, बघा ना.”

बघितला.
नियमात एकवचन-अनेकवचन एकच धरतात.
रोज दहादा सांगते मी हे, न अडखळता.

माझ्या भाषेत तरी काय,
भाऊ एक असो की चार, शब्द तोच.
फरक क्रियापदाला कळतो: आला, आले.
आणि थोरला असेल
तर एकट्यालाही आपण ‘आले’च म्हणतो.
हे त्याला कुठे सांगत बसू.

फॉर्मच्या पाठीमागे, तळाशी एक ओळ आहे:
आधीच्या नावाच्या धन्याची लेखी संमती असल्यास.
मी तिथे बोट ठेवलं.

“म्हणजे डेलची सही?”
डेलची.
“अकरा वर्षं झाली, आम्ही—”
मागे रांग होती.

चेक घडी करून त्यानं खिशात घातला.
पेन माझंच होतं, तेही घेऊन गेला
फॉर्मसोबत.