चोवीस वळणं

गाडी चौऱ्याऐंशी सालची. बोगोमिरही चौऱ्याऐंशीचाच, वयानं.
किल्ली मुठीत ठेवून त्यानं आधी माझा डावा हात धरला.
"याला सांग, तुझी बदली झाली."
गिअरचा दांडा उजवीकडे, डॅशबोर्डातून
छत्रीच्या मुठीसारखा बाहेर आलेला.
तरी पहिल्याच चौकात डावा हात सवयीनं उठला
आणि दाराच्या कडीशी खुळ्यासारखा चाचपडत राहिला.

"दिवे लाव. ऊन आहे? असू दे, लाव.
पाटी नसेल तिथं उजवीकडून येईल त्याचा मान,
मग तो ट्रॅक्टर असो की माझा व्याही.
व्याह्याशी मी बोलत नाही, वाट मात्र देतो.

गर्दीला भिऊ नकोस,
गर्दीत लोकच तुला सरळ करतात.
भिण्यासारखा तो रिकामा रस्ता.
पेट्रोल भरून निघालास,
किंवा डुलकी काढून उठलास,
समोर कोणी नाही, आणि हात आपले जुन्या देशात.
तेव्हा मोठ्यानं म्हणायचं: उजवी, उजवी.
मी आहे ना ऐकायला."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं,
म्हातारा पट्टा लावून शेजारी बसलाच होता.

व्हर्शिचच्या घाटात वळणांना आकडे आहेत,
आकड्याखाली उंची.
वळणापुरती दगडी फरसबंदी. "ओली झाली की साबण," तो म्हणाला.
"चढणाऱ्याला आधी वाट. उतरताना दुसरा गिअर,
ब्रेकवर पाय टाकून झोपायचं नाही."
तीस वर्षं त्यानं इथून पावाची गाडी नेली.
अकराव्या वळणावर एकदा मागचं दार उघडलं,
मेंढ्यांनी आठवडाभर दुसरं काही खाल्लं नाही म्हणे.

मार्चमध्ये डॉक्टरनं तक्ता वाचायला लावला.
"चौथ्या ओळीवर धुकं होतं," एवढंच बोलला.
लायसन्स टेबलावर ठेवून तो चालत घरी आला होता.

पंधरा. सोळा. खाली झाडं बारीक होत गेली.
प्रत्येक वळणाआधी त्याचा उजवा बूट
रबरी पायपुसण्यावर दाबला जायचा,
माझ्या आधी, क्षणभरच आधी,
आणि नेमका तिथंच.

विसाव्यापासून मी चोरून त्या बुटाकडे पाहत
ब्रेक मारू लागलो.
गाडी लोण्यातून जावी तशी वळली.

"रस्त्याकडे बघ," बोगोमिर म्हणाला.