पायऱ्यांचं इतिवृत्त

पालिकेच्या नकाशावर आमचा जिना
केसाएवढी एक रेघ आहे.
बंदरावरून वर बघितलं तर
वालपाराइसोच्या या टेकडीला
कुणी घाईघाईत टाके घातलेत
आणि मधलेच उसवलेत, असं दिसतं.

वस्ती-समितीची चिटणीस मी, रोसाउरा.
वही माझी. पेन मासळीवाल्यानं फुकट दिलेलं,
त्याला अजून वास आहे.

हजर : एकवीस माणसं, सहा कुत्री.
कुत्र्यांची नावं लिहू नका, अध्यक्ष म्हणाले.
मी नुसता आकडा लिहिला.

विषय पहिला : पायऱ्या.
निबाल्दो बावीस वर्षं गॅसचे सिलिंडर
खांद्यावरून वर चढवतो. तो म्हणाला,
एकूण एकशे बासष्ट,
त्यातल्या अकरा माझा गुडघा मोजत नाही,
कारण त्या नाहीतच.
सगळे हसले. मग गप्प झाले.
जो तो आपापल्या पायरीवर जाऊन उभा राहिला :
जिथे दूध सांडलं,
जिथे आईचं माकडहाड मोडलं,
जिथे शवपेटी तिरकी करावी लागली
आणि आतल्या माणसाची
हळूच माफी मागावी लागली.

पालिकेकडून येर्को आला होता.
कोवळा पोरगा, डोक्यावर पिवळं हेल्मेट,
जणू आमच्या प्रश्नांतून विटा पडणार होत्या.
त्यानं फाईल उघडली.
हा जिना दुरुस्त झालेला आहे, म्हणाला,
नऊ वर्षांपूर्वी.
सही आहे, शिक्का आहे, बिल चुकतं केलेलं आहे.
कागदावर कठडेसुद्धा होते, हिरव्या रंगाचे.
क्षणभर वाटलं, शिरावं त्या कागदातच
आणि कठडा धरून
भाजीची पिशवी घेऊन सावकाश घरी जावं.

ठराव : सिमेंट पालिकेचं, हात आमचे.
हात वर झाले. मी मोजत होते,
तेवढ्यात टेकडीवरून एक फडकं हललं.
सुनिल्दा. वय चौऱ्याऐंशी.
चौदा महिने ती खाली उतरलेली नाही,
पाव टोपलीत, टोपली दोरीला,
दोरी खिडकीला; असा तिचा बाजारहाट.
बावीसावं मत, मी म्हटलं.
येर्को अवघडला. नियम असा आहे, म्हणाला,
की सभेच्या जागी हजर असेल
त्याचंच मत धरायचं.

कुणी भांडलं नाही.
निबाल्दोनं आपली खुर्ची उचलली.
मग दुसऱ्यानं. मग टेबल निघालं,
त्यावरची किटली, किटलीमागे कुत्री,
आणि सभेची जागा
एकेक पायरी वर जाऊ लागली.

चौसष्टाव्या पायरीला येर्कोनं पाय टाकला.
फाईलमध्ये ती पायरी होती.

खिडकीतून टोपली खाली आली :
आयोडीन, कापूस, साखरेचा एक खडा.
फुंकर तूच घाल रे बाळा, सुनिल्दा वरून म्हणाली,
एवढ्या लांबून माझी पोचायची नाही.
नडगी फुटलेला तो पोरगा
तिथेच बसून लिहू लागला.
काय लिहिलं, मी पाहिलं नाही.
मतं बावीस, एवढं मात्र त्यानं मला विचारून घेतलं.

सिमेंट आलं सात महिन्यांनी.
चाळीस पोती, ट्रक तळाशीच ओतून गेला.
हातांची साखळी केली. वर एकोणचाळीस पोचली.
ओर्तेन्सियोच्या अंगणात त्याच आठवड्यात
कोंबड्यांना नवा ओटा झाला.
याची नोंद इतिवृत्तात नाही.

रात्री ओल्या सिमेंटवरून कुत्री गेली.
सहाच्या सहा, खालपासून सुनिल्दाच्या दारापर्यंत.
अध्यक्ष म्हणाले, बुजवून टाका.
कुणालाच वेळ झाला नाही.

कठडे अजून आलेले नाहीत.
सुनिल्दा परवा उतरली,
निबाल्दोच्या दंडाला धरून, अठरा पायऱ्या.
मग म्हणाली, आज एवढंच,
आणि बसून समुद्राकडे बघत राहिली,
पुढची तारीख तिला विचारायची म्हणून
मीही शेजारी बसले.
पेनाला वास येत होता. विचारायचं राहून गेलं.