डब्यातले संत

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकण सैल,
आत चाळीस चिठ्ठ्या.
आम्ही चाळीस होतो त्या वर्षी फ्लोराने लिहिलेल्या,
हिरव्या पेनाने, हिंजवडीला जायच्या आदल्या आठवड्यात.
आता अकरा आहोत.

जानेवारीचा पहिला रविवार. मिस्सा संपली.
चर्चमागच्या खोलीत गव्हाणीचा कडबा अजून तसाच,
ज्वारीचा, खरखरीत, नुसता बसलं तरी टोचणारा.
ज्याला जो संत निघेल, तो त्याचा वर्षभराचा सोबती.

रायप्पाला निघाला अंतोनी, हरवलेलं शोधून देणारा.
"का बे, माझी गाडी देईल काय शोधून?"
सगळे हसलो.
गाडी हरवली नव्हती,
फायनान्सवाल्यांनी ओढून नेली होती सात रस्त्यावरून,
आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

इस्टेलाला यूदा थद्देव. अशक्य कामांचा.
रेल्वेची परीक्षा ती चौथ्यांदा देतेय.
तिने चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरमागे सरकवली,
हसली नाही.

मला झीटा.
झीटा कोण? कुणालाच ठाऊक नाही.
फादरनी चष्मा पुसत सांगितलं, इटलीतली मोलकरीण,
बाराव्या वर्षी कामाला लागली,
अठ्ठेचाळीस वर्षं एकाच घरात.
पदराखाली गरिबांसाठी भाकरी लपवून नेत होती,
मालकाने पदर उघडायला लावला,
तर आत फुलं.

मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल तपासते.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, चुकलेली किनार:
बाजूला. सेकंड माल.
दिवसभर तेच बघून डोळे असे होतात
की संतांच्या तसबिरीतही आधी डाग दिसतो.
झीटाचं नाव ऐकून थोडी नाराजच झाले, खरं सांगते.
एखादी राणी निघाली असती, एखादी तलवारवाली.

रात्री विडी घरकुलात
आईच्या मांडीवर सूप, सुपात पानं,
हात चालूच.
मी गोष्ट सांगितली. फुलांपर्यंत आले.
तिने दोरा दाताने तोडला.
"अठ्ठेचाळीस वर्षं?"
"हो."
"पी.एफ. होता का तिला?"
"फादरना विचारते."
"विचार. आणि हेही विचार,
फुलं झाली, तर त्या दिवशी
भाकरी कुणी खाल्ली?"

शुक्रवारी विचारलं.
फादर बराच वेळ गप्प.
रायप्पा म्हणाला, पाव काकूंना, काकूंना बोलवा इथं.
फादर म्हणाले, घेऊन ये त्यांना.
पण शुक्रवारी आईचा माल मोजतात,
छाट किती निघते त्यावर आठवड्याची भाजी ठरते.
ती आली नाही.

डबा सांभाळायला माझ्याकडे आहे.
एकोणतीस संत उरलेत, कुणाला न निघालेले.
पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेलेल्यांच्या वाटणीचे.
फ्लोराला डब्याचा फोटो पाठवला.
दोन दिवसांनी उत्तर आलं,
"माझ्यासाठी एक काढ ना."

मी डबा आईपुढे धरला.
तंबाखूने पिवळी झालेली दोन बोटं आत गेली.
वाचून दाखवलं: योसेफ, सुतार.
"हा कामाचा माणूस, हा आपल्याला राहू दे,"
आई म्हणाली, "तिला दुसरा काढू."
"असं चालत नाही, आई."
"का? तो काय तक्रार करणारे?"

दुसरी निघाली मोनिका,
लेकरासाठी वर्षानुवर्षं रडलेली.
आई काही बोलली नाही.
फ्लोराची आई शेजारच्याच गल्लीत राहते.

चिठ्ठीला तंबाखूचा वास लागलाय.
फोटोत तो येत नाही,
म्हणून पाकिटात घातली, तिकीट लावलं,
फ्लोराकडे पत्ता मागितला.

अजून आला नाही.